मोठ्यांचं ऐकावं!

खोटं बोलू नये हे तुम्हाला नेमकं कोणी शिकवलं?

"शाळेत" असं उत्तर पटकन तोंडावर येईल. महाराष्ट्रातल्या शाळेत वाढलेल्या आपल्या पिढीला परिपाठ आणि मूल्यशिक्षण काही चुकलेलं नाही. दहा मूल्यं होती. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा वगैरे वगैरे. तक्ता भिंतीवर टांगलेला असायचा. पण खरं सांगा, त्या तक्त्यातून आपण काय शिकलो?

आपण शिकलो ते भलतीकडेच. आई फोनवर मावशीशी तासभर बोलत असायची आणि आपण शेजारी बसून, गृहपाठाचं नाटक करत, सगळं ऐकत असायचो. बाबा आणि काका गावच्या जमिनीवरून वाद घालायचे. शेजारच्या काकू सुनेला काय बोलल्या ह्यावर जेवताना चर्चा व्हायची. "त्यांनी असं बोलायला नको होतं." "अगं, पण त्यांचीही काही बाजू असेल ना." "तू तिच्या जागी असतीस तर?" ह्यातलं एकही वाक्य आपल्याला उद्देशून नव्हतं. पण बरोबर काय, चूक काय आणि मुख्य म्हणजे ते ठरवायचं कसं, ह्याचं ट्रेनिंग तिथे चालू होतं. रोज, फुकट, वरणभात खाता खाता.

आता ह्याच घरात जन्मापासून ऐकू न येणारं एक मूल आहे असं समजा.

कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. म्हणजे बहुतेक घरांत सांकेतिक भाषा कोणालाच येत नसते. मूल जेवायला बसतं. सगळ्यांची तोंडं हलताना दिसतात. कोणीतरी चिडतं, कोणीतरी हसतं, आजी ताट सरकवून उठून जाते. मूल आईचा हात ओढून विचारतं, काय झालं? आई म्हणते, "काही नाही रे, असंच. जेव तू." किंवा "नंतर सांगते." ते नंतर कधीच येत नाही. ह्या अनुभवाला कर्णबधिर लोकांनी आणि अभ्यासकांनी 'डिनर टेबल सिंड्रोम' असं नावच दिलं आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ह्या मुलाला फक्त आउटपुट दिसतं. लॉग दिसत नाही आणि सोर्स कोड तर नाहीच नाही. आजी रागावली हे कळतं, का रागावली ते कळत नाही. बाबांनी काकांशी बोलणं टाकलं हे दिसतं, त्यामागे बरोबर कोण होतं ह्यावर घरात महिनाभर झालेला खल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि मग हेच मूल शाळेत जातं. तिथे त्याला शिकवलं जातं : मोठ्यांचं ऐकावं!

मराठीत 'ऐकणे' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत बघा. कानाने ऐकणं आणि सांगितलेलं निमूट करणं. ज्याला पहिलं जमत नाही त्याच्याकडून आपण दुसऱ्याची अपेक्षा मात्र डबल करतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की कर्णबधिर मुलांना विचार करायला शिकवणं आणि नीतिमूल्यं शिकवणं हे दोन वेगळे तास नाहीतच. दोन्हीसाठी एकच गोष्ट लागते. 'का?' असं विचारता येईल आणि त्याचं उत्तर समजेल अशी पूर्ण भाषा, अगदी लहानपणापासून. ती न देता दिलेली मूल्यं म्हणजे नुसते हुकूम, आणि हुकूम पाळणारं मूल हे चांगलं मूल असेलच असं नाही. बऱ्याचदा ते फक्त असुरक्षित मूल असतं.

हे जरा सविस्तर सांगतो.

आधी एक जुना गैरसमज. कान आणि बुद्धी ह्यांचं गणित मांडायची खोड फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की ज्ञान मिळवण्यात सगळ्यात मोठा वाटा ऐकण्याचा असतो, त्यामुळे जन्मांध माणसं जन्मतः बहिऱ्या असलेल्या माणसांपेक्षा जास्त समंजस असतात. आपल्याकडे आजही 'मूकबधिर' शब्द उच्चारताना लोकांच्या आवाजात जी कीव येते ती ह्याच घराण्यातली. (मूक कुठून आलं? हातांनी अखंड गप्पा मारणारी दहा मुलं एकदा बघा, मग सांगा मूक कोण ते.)

खरी भानगड बुद्धीची नाही, भाषेची आहे. आणि हे तपासून झालेलं आहे.

मानसशास्त्रात सॅली-ॲन नावाची एक चाचणी आहे. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरल्यापासून ती खूप गाजली. सॅली आपला गोटा टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. मागे ॲन तो गोटा काढून खोक्यात लपवते. सॅली परत आली. ती गोटा कुठे शोधेल? आपल्याला वाटतं, ह्यात काय, टोपलीत! पण तीन वर्षांचं मूल सांगतं, खोक्यात. कारण गोटा खोक्यात आहे हे त्याला स्वतःला माहीत असतं. सॅलीच्या डोक्यात वेगळी माहिती आहे, चुकीची आहे पण तिच्यासाठी तीच खरी आहे, हे कळायला साधारण चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं.

नीतिमत्तेचा पायाच इथे आहे. दुसऱ्याला काय माहीत आहे, काय वाटतं, त्याने मुद्दाम केलं की चुकून केलं, हे कळल्याशिवाय क्षमा, फसवणूक, अन्याय, दया ह्या शब्दांना अर्थ काय?

१९९५ साली ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल ह्या संशोधकांनी अशीच चाचणी ऐकू येणाऱ्या घरांतल्या कर्णबधिर मुलांवर केली. मुलं आठ वर्षांच्या पुढची, बुद्धीने सर्वसाधारण. निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर चुकलं. आता कोणी म्हणेल, बघा, बहिरेपणाने विचारशक्ती कमी होते! थांबा. पुढे २००७ साली अमेरिकेत ब्रेंडा शिक आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारची कर्णबधिर मुलं तपासली. ज्यांचे आईवडीलही कर्णबधिर आहेत, म्हणजे घरात पहिल्या दिवसापासून सांकेतिक भाषा आहे, ती मुलं ऐकू येणाऱ्या मुलांच्या अगदी बरोबरीने होती. मागे होती ती ऐकू येणाऱ्या आईवडिलांची मुलं. कान दोघांचेही सारखेच बंद! फरक एकच, एकाला जेवणाच्या ताटावर भाषा मिळाली, दुसऱ्याला नाही.

ह्याहून भारी उदाहरण निकाराग्वाचं आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ह्या छोट्या देशात कर्णबधिरांचा असा समाजच नव्हता. प्रत्येक मूल आपापल्या घरात एकटं, घरच्यांशी चार खुणा करत जगणारं. १९७७ च्या सुमारास मानाग्वामध्ये विशेष मुलांची शाळा सुरू झाली आणि पहिल्यांदाच अशी मुलं एकत्र आली. शिक्षक वर्गात स्पॅनिश ओठवाचन शिकवत होते, ते फारसं कोणाला जमलं नाही. पण मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या आणि एक नवीन भाषा जन्माला घातली. पुढच्या तुकडीतल्या छोट्यांनी ती उचलली आणि आणखी समृद्ध केली.

जेनी पायर्स आणि ॲन सेन्गस ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्याच लोकांवरचा आहे. पहिल्या तुकडीतली मंडळी तेव्हा पंचविशीच्या आसपासची, नोकरीधंदा करणारी. त्यांच्या भाषेत 'वाटणं', 'माहीत असणं', 'समजणं' अशा अर्थाची चिन्हं फारच कमी वापरली जात. आणि दुसऱ्याच्या मनातला चुकीचा समज ओळखायच्या चाचणीत ही मोठी माणसं त्यांच्याहून साधारण दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. छोट्यांकडे ती चिन्हं होती. दोन वर्षांनी पुन्हा बघितलं तर मोठेही सुधारले होते! दरम्यान काय झालं होतं? कर्णबधिरांच्या क्लबमध्ये छोट्यांशी गप्पा मारता मारता त्यांनी मनाविषयी बोलायचे शब्द उचलले होते.

ह्यातून दोन गोष्टी कळतात. पंचविशीतही उशीर झालेला नसतो. आणि 'विचार कर' असं सांगण्याआधी समोरच्याकडे 'विचार' हा शब्द असावा लागतो. हेलन केलरने आत्मचरित्रात एक आठवण सांगितली आहे. ती मणी ओवत होती, क्रम सारखा चुकत होता. ॲन सलिव्हन बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि बोटांनी 'थिंक' हा शब्द लिहिला. डोक्यात आत्ता जे चाललंय त्यालाच हे नाव आहे, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. बाई नसत्या तर हेलनच्या डोक्यात विचार आला नसता असं नाही. पण त्या विचाराकडे वळून बघता आलं नसतं.

मग प्रश्न येतो की एवढं सरळ असताना शाळांनी हे का नाही केलं?

त्याला इतिहास आहे. १८८० साली इटलीत मिलान शहरात कर्णबधिर शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शंभराहून जास्त प्रतिनिधी, त्यात स्वतः कर्णबधिर असलेला फक्त एक. ठराव झाला की मुलांना तोंडी बोलायला शिकवणं हीच श्रेष्ठ पद्धत, खुणा बंद. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. कित्येक ठिकाणी खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातावर पट्ट्या बसल्या. विल्यम स्टोकी ह्यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे, ती इंग्रजीची मोडकीतोडकी नक्कल नाही, हे दाखवून दिलं तेव्हा कुठे वारं बदलू लागलं. आणि त्या परिषदेच्या वारसदारांनी मिलानचे ठराव अधिकृतपणे नाकारून खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूव्हरमध्ये. एक बग फिक्स करायला १३० वर्षं!

ह्या १३० वर्षांत मुलांचे तास कशात गेले ते बघा. आरशासमोर उभं राहून ओठांचे आकार करण्यात. ओठवाचन किती अवघड आहे ह्याचा अंदाज घ्यायचा असेल तर आत्ता आरशासमोर जा आणि आवाज न काढता म्हणा : पाय, बाय, माय. तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. ज्या मुलाची निम्मी शक्ती समोरचा पाय म्हणाला की माय हे ओळखण्यात जाते, त्याने "आई चुकत असेल तर काय करावं?" हा प्रश्न कधी विचारायचा?

आपल्याकडेही हाच वारसा आहे, पण बदल सुरू झाला आहे हेही तितकंच खरं. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश आला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सांकेतिक भाषेचं देशभर प्रमाणीकरण करायचं म्हटलं आहे. त्याच वर्षी एनसीईआरटीची पुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचा करार झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये खास सांकेतिक भाषेसाठी पीएम ई-विद्याचा एक टीव्ही चॅनेलही सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर होती. एवढ्या लोकांसाठी हे सगळं उशिरा आहे, पण आहे.

माझी धास्ती वेगळीच आहे. भाषा येईल, पुस्तकं येतील, व्हिडिओ येतील आणि त्यातून आपण पुन्हा तक्ताच शिकवू. फक्त हातवाऱ्यांनी!

मी महिन्यातले दोन शनिवार कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला जातो. माझी सांकेतिक भाषा अजून कामचलाऊ आहे, अडलं की तिथले एक सर मदत करतात. सर स्वतः कर्णबधिर आहेत. एकदा त्यांचा गोष्टीचा तास चालू होता आणि मी मागे बसलो होतो. गोष्ट आपली नेहमीची, प्रामाणिक लाकूडतोड्याची. कुऱ्हाड पाण्यात पडते, जलदेवता सोन्याची कुऱ्हाड घेऊन वर येते, "हीच का तुझी?" तो नाही म्हणतो, मग चांदीची, मग लोखंडाची, शेवटी तिन्ही बक्षीस. तात्पर्य, प्रामाणिकपणे वागावं. घंटा झाली, संपलं. आपण सगळे असंच शिकलो.

तिथे मात्र सहावीतल्या एका मुलीने हात वर केला. देवीला खरी कुऱ्हाड कोणाची ते माहीत होतं ना? सर म्हणाले, हो. मग तिने मुद्दाम दुसरी का आणली? ती फसवत होती का? वर्गात एकदम गलका! म्हणजे हातांचा गलका. एक म्हणाला, परीक्षा घेत होती. दुसरा म्हणाला, गरीब माणसाचीच परीक्षा का? तिसऱ्याने विचारलं, बक्षीस मिळालंच नसतं तर तो खरं बोलला असता का? सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी उलट विचारलं, तुम्हाला काय वाटतं, आणि तसं का वाटतं? अर्धा तास तेच चाललं. शेवटी मुलांचं असं ठरलं की तो माणूस चांगला आहे, कारण बक्षीस मिळणार हे त्याला माहीत नव्हतं.

सॅली-ॲनची चाचणी आठवली? दुसऱ्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ह्यावरून त्याच्या वागण्याची किंमत ठरवणं. सहावीतल्या पोरांनी लाकूडतोड्याच्या गोष्टीतून ते केलं. आणि हे झालं कारण शिक्षकाकडे पूर्ण भाषा होती, मुलांकडे होती आणि उत्तर देण्याची घाई कोणालाच नव्हती. मुख्य म्हणजे शिक्षक स्वतः कर्णबधिर होता. मोठं होऊन आपण काय होऊ शकतो, हे त्या मुलांना समोर दिसत होतं. कर्णबधिर व्यक्तींना सांकेतिक भाषेचे शिक्षक व्हायला अधिकृत पदविका अभ्यासक्रम आहे. अशा शिक्षकांना प्रत्येक शाळेत नेमणं हा मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा सुधार आहे.

आता त्या 'असुरक्षित' शब्दाकडे येतो, कारण हा विषय नुसत्या गोष्टींचा नाही.

२०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा ३.७ पट आहे. दक्षिण कोरियात ग्वांगजू शहरात इन्ह्वा नावाची कर्णबधिर मुलांची शाळा होती. तिथे मुलांवर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार झाले आणि करणारे शाळेचेच लोक होते, वरिष्ठांसकट. २००५ साली प्रकरण बाहेर आलं, शिक्षा किरकोळ झाल्या. २०११ साली त्यावरचा 'सायलेन्स्ड' चित्रपट आल्यावर देश पेटून उठला, तेव्हा कुठे शाळा बंद झाली आणि कायदा कडक झाला. त्या मुलांनी 'मोठ्यांचं ऐकलं' असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं.

'मोठ्यांचं ऐकावं, उलट विचारू नये' एवढंच मूल्य शिकलेल्या मुलाकडे अशा वेळी कोणतं हत्यार असतं? माझ्याशी जे झालं ते चूक होतं, त्यात माझी चूक नव्हती, मोठा माणूसही वाईट वागू शकतो आणि हे मी अमक्याला सांगू शकतो. ही चार वाक्यं मनात जुळायला भाषा लागते, विचार लागतो आणि नीतीही लागते, तिन्ही एकदम. आपला २०१२ चा पॉक्सो कायदा म्हणतो की मूल अपंग असेल तर त्याची साक्ष घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची संवादपद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येईल. चांगलीच तरतूद आहे. पण दुभाषी कोर्टात आणता येतो हो, मुलाच्या हातात भाषाच नसेल तर दुभाषी भाषांतर कशाचं करणार?

ह्यावर नेहमी येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला, "आधी बोलायला-वाचायला शिकू दे, पोटापाण्याला लागू दे, मग तुमचं ते क्रिटिकल थिंकिंग." कॉक्लिअर इम्प्लांट आणि श्रवणयंत्रांचा ज्यांना उपयोग होतो त्यांना ते जरूर मिळावं, लवकरात लवकर मिळावं. पण यंत्र बसवलं म्हणजे भाषा इन्स्टॉल होत नाही, पुढे अनेक वर्षांची मेहनत असते आणि सगळ्यांना सारखं यश येत नाही. त्या वर्षांत मुलाचा मेंदू वाट बघत थांबत नाही. सांकेतिक भाषा आणि बोलणं ह्यातलं एकच निवडा असा नियम कोणी केलाय? आपण मराठी, हिंदी, इंग्रजी तीन भाषा एका वाक्यात कोंबतो आणि त्या मुलाला दोन झेपणार नाहीत म्हणतो!

दुसरा, "खुणांनी अमूर्त गोष्टी कशा सांगणार? न्याय, स्वातंत्र्य वगैरे?" वॉशिंग्टनमधलं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ पासून कर्णबधिरांना उच्चशिक्षण देत आहे. मार्च १९८८ मध्ये तिथल्या विश्वस्तांनी पुन्हा एकदा ऐकू येणारी व्यक्ती अध्यक्ष म्हणून नेमली तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. आठवड्याभरात निर्णय फिरला आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. न्याय म्हणजे काय हे त्या पोरांना सांकेतिक भाषेत नीटच कळलं होतं. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी ह्या कर्णबधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. ह्याहून अमूर्त अजून काय हवं?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो आपल्यासारख्यांच्या जगातला आहे. एका कार्यक्रमात कर्णबधिरांना नोकरी देणाऱ्या एका कंपनीचे एचआरवाले कौतुकाने सांगत होते, "फार चांगले वर्कर असतात. टाइमपास नाही, गप्पा नाहीत, सांगू ते करतात, तक्रार करत नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते कौतुक ऐकून कसंतरीच झालं. नोकरी दिली हे उत्तमच. पण तुमच्या-माझ्या अप्रेझलमध्ये "प्रश्न विचारत नाही, तक्रार करत नाही" असं लिहिलं तर आपण ते कौतुक समजू का? आपल्याला 'इनिशिएटिव्ह' घ्यायला सांगतात आणि त्यांच्यात 'आज्ञाधारकपणा' शोधतात. तक्रार करत नाहीत की तक्रार समजून घेणारं तिथे कोणी नाही, हे तपासलंय का कोणी?

असो. नुसतं बोलून उपयोग नाही, करता येण्यासारखं बरंच आहे.

शाळांनी मूल्यशिक्षणाच्या तासाला तात्पर्य सांगणं थांबवावं आणि गोष्ट अर्ध्यात थांबवून विचारावं, आता ह्याने काय करावं आणि का? चित्रं, छोटी नाटकं, सांकेतिक भाषेतले व्हिडिओ, सगळं चालेल. मोठ्या मुलांना व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड, लॉटरी लागल्याचे मेसेज, खोट्या नोकरीच्या जाहिराती देऊन खरं-खोटं शोधायला लावावं. पाठवणारा कोण, त्याचा फायदा काय, पुरावा कुठे? ऐकू येणारी माणसंही ह्यात रोज फसतात. त्यांना निदान बसमध्ये शेजारचा माणूस "अहो, तो फ्रॉड आहे" असं बोलताना ऐकू तरी येतं. आणि गंमत बघा, ज्या तक्त्याची मी इतका वेळ चेष्टा करतोय, त्या दहा मूल्यांत 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हेही एक मूल्य आहे. म्हणजे प्रश्न विचारणं हे सरकारमान्य मूल्यच आहे की! आपणच ते गाळून वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा तेवढे उचलले.

आईवडिलांनी सांकेतिक भाषा शिकावी, आणि फक्त 'जेवलास का, झोप, अभ्यास कर' एवढीच नाही. 'मला वाईट वाटलं', 'माझा गैरसमज झाला', 'त्याला माहीत नव्हतं', 'माझं चुकलं' हीसुद्धा. शब्दकोशाचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत.

आणि आपण? आपल्या टीममध्ये कोणी कर्णबधिर सहकारी असेल तर मीटिंगमध्ये कॅप्शन लावा, दुभाषी मागा. मीटिंग संपल्यावर दोन ओळींचा मेल टाकून 'हे ठरलं' एवढंच कळवू नका. कसं ठरलं, कोणाचा विरोध होता, का होता, तेही सांगा. त्याचं मत ठरायच्या आधी विचारा, नंतर नको. तो तुमचा मुद्दा खोडून काढेल, कदाचित सगळ्यांसमोर. काढू दे.

भारतीय सांकेतिक भाषेत 'काय', 'कुठे', 'का' असे प्रश्नांचे शब्द साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतात. म्हणजे समोरचं मूल काही सांगत असेल तर प्रश्न कळायला त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत आपल्याला थांबावं लागतं. तेवढं थांबायला शिकूया. एकदा मोठ्यांनीही ऐकावं की!